पेपरात ‘दुष्काळ’ लिहायले एवढं जड काऊन जाते?

बेंबळाकाठ (यवतमाळ जिल्हा)

२०१८ च्या ऑक्टोबरातले पेपर कोणाजवळ असतीन तं काढून पाहा. २३ तारखेले सरकारनं १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली अन् ३१ तारखेले १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. मधल्या आठ दिवसांत कपाशीले ना एक पाती जास्तीची लागली ना विहिरीचं पाणी खालीवर झालं, पण बातमीतला शब्द बदलला अन् तो बदलल्यावरच तहसीलातला सवलतीचा कागद हालला. तेव्हापासून मले ह्या शब्दाचा नादच लागला.

आमच्या गावच्या वाचनालयात जुने अंक बांधून ठेवले आहेत, सगळे नाहीत, मधले बरेच उधईनं खाल्ले, पण जे आहेत ते पाहून राह्यलो. १९७२-७३ चे अंक उघडले की दुष्काळ हा शब्द सरळ येते. दुष्काळी कामं, दुष्काळी भाग, दुष्काळ निवारण, कोणतीही आडकाठी नाही. नंतरच्या अंकांत हळूहळू ‘अवर्षण’ दिसाले लागते, ‘टंचाईग्रस्त’ येते, अन् मंग आपल्या लहानपणापासूनची ती ठरलेली ओळ, ‘पाणीटंचाईच्या झळा’. दर उन्हाळ्यात तेच हेडिंग, खाली हंडा घेतलेल्या बायांचा फोटो. आता त्यावर ‘सदृश’ बसला आहे. सदृश म्हणजे काय? माह्या वावरात जे पेरलं ते जळालं, ते जळाल्यासारखं दिसून राह्यलं असं तं नाही ना?

माह्यं म्हणणं एकच आहे. सरकारनं काय जाहीर केलं हे बातमीत यावंच, पण गावात जे दिसते त्याले नाव देणं हे पेपरवाल्याचं काम आहे, ते त्यानं तहसीलदारावर सोडू नये. तुमच्याइकडे हा शब्द कसा वापरतात ते लिहा, जुनी कात्रणं असतीन तं सांगा.

दप्तरवाला (वाशिम)

भाऊ, चांगला विषय काढला. मी महसूल खात्यात होतो, कागदावर तलाठी, गावासाठी पटवारीच. एक गोष्ट पहिले ध्यानात घ्या, हा शब्द पेपरातून मागं सरकायच्या आधी कायद्यातून गेला आहे. १९६३ मध्ये महाराष्ट्रानं त्यासाठी खास कायदा केला, राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढायचा अन् त्याजागी ‘स्कॅरसिटी’, म्हणजे टंचाई, घालायचा. त्याच्या प्रस्तावनेतलं कारण असं, की सरकार पीकपाण्यावर सतत नजर ठेवून असते, टंचाईची चिन्हं दिसताच उपाय करते, म्हणून आता दुष्काळ पडायला वावच राहिला नाही. अन् त्यानंतर नवव्या वर्षी बहात्तर आलं.

इथं मराठी बातमीदाराची खरी अडचण सुरू होते. इंग्रजीत दोन शब्द आहेत, अन्नावाचून माणसं मरतात त्यासाठी ‘फॅमिन’ अन् पावसानं दगा दिला त्यासाठी ‘ड्रॉट’. आपल्याकडे दोन्हीला दुष्काळच. सरकारनं पहिला काढला तं त्याच्यासोबत दुसराही दबकत गेला. जिल्ह्याच्या बैठकीला आम्ही जाऊ तं फाइलवर टंचाई, टंचाई शाखा, टंचाई आराखडा, टंचाई निवारण. वार्ताहर लोकं तिथंच बाहेर उभे असत, त्यांना प्रेसनोट मिळे, त्यात टंचाईच लिहिलेलं असे, तेच छापून ये. कोणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही, शब्द फाइलमधून निघून पानावर गेला, बस.

दुसरं आणेवारीचं, म्हणजे पीक रुपयात किती आणे आलं त्या अंदाजाचं. १९५७ मध्ये नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया गेला, तशी आणेवारीची पैसेवारी झाली. गावात मात्र अजून ‘आणेवारी किती लागली’ असंच विचारतात, अन् पेपरही दोन्ही शब्द वापरतात. ती कशी काढतात ते नवीन पोरांना माहीत नसते म्हणून सांगतो. वावरात ठरल्या मापाचा चौकोन दोरीनं आखायचा, चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकायच्या, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, उफणायचं अन् दाणे तोलायचे. समितीतले गावचे लोकं समोर असतात. मग हेक्टरी किती पिकलं ते काढून ठरवलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडायचं. ५० पैशांच्या आत आली तं गाव टंचाईत, वर गेली तं नाही.

घोळ कुठं होते सांगतो. आपल्या अमरावती विभागात नजर अंदाज पैसेवारी, म्हणजे उभं पीक नुसतं पाहून लावलेली पहिली, सप्टेंबरच्या शेवटी येते. तेव्हा रान हिरवंगार असते. सोयाबीनचं झाड उभं, शेंगा लागलेल्या, पण दाणा भरला का पोचट राहिला हे रस्त्यावरून दिसत नाही. आकडा ५० च्या वर जाते अन् दुसऱ्या दिवशी पेपरात ‘जिल्ह्याची पैसेवारी ५० पैशांच्या वर’ असं हेडिंग लागते, लोकं समजतात पीक चांगलं आहे. ऑक्टोबरच्या शेवटी सुधारित येते, ३१ डिसेंबरला अंतिम, तेव्हा आकडा खाली उतरला तरी ती बातमी आतल्या पानावर चार ओळींची. पहिलं हेडिंगच डोक्यात राहते.

लोणारकडचा (बुलडाणा जिल्हा)

मी तालुक्याचा वार्ताहर आहे, पेपरचं नाव सांगत नाही. बेंबळाकाठ भाऊ, तुमचं म्हणणं पटते पण आमची बाजूही ऐका. २०२३ मध्ये ३१ ऑक्टोबरले राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात अख्ख्या विदर्भातून दोनच तालुके होते, बुलडाणा अन् लोणार. शेजारचा मेहकर नाही, सिंदखेडराजा नाही. तालुक्याच्या शिवेवर वावरं आहेत, धुऱ्याच्या ह्या बाजूले दुष्काळ अन् त्या बाजूले नाही. आता सांगा, मी धुऱ्यावर उभा राहून बातमी करून राह्यलो तं काय लिहू? दोन्हीकडचं सोयाबीन सारखंच वाळलेलं. त्या बाजूच्या कास्तकाराबद्दल मी दुष्काळ लिहिलं तं डेस्कवरून फोन येते की तुमचा तालुका यादीत आहे, त्यांचा नाही, दुरुस्त करा. मंग ‘अपुऱ्या पावसामुळे नुकसान’ असं होते. मले ते वाचवत नाही खरं सांगतो.

पुढं नोव्हेंबरात १,०२१ महसुली मंडळांत (काही गावं मिळून एक मंडळ, लोकं त्याले सर्कल म्हणतात) ‘दुष्काळसदृश’ जाहीर झालं, तेव्हा तं आणखीच गोंधळ झाला. लोकं बातमी घेऊन माह्याकडं येत की आपलं सर्कल यात आहे का, अन् आहे तं मंग हे दुष्काळाएवढंच का त्यापेक्षा कमी. ह्याचं उत्तर बातमीत एका ओळीत देता येत नव्हतं.

अन् त्या ‘ट्रिगर टू’ बद्दलही लिहून घ्या. केंद्राची २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली तेव्हापासून पाऊस किती कमी, किती आठवडे खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी पिकाची हिरवळ, भूजल, असे निकष लागतात. पहिली पायरी ट्रिगर वन, दुसरी ट्रिगर टू. २०१८ पासून आमचे हेडिंग सरळ ‘तालुका ट्रिगर टूमध्ये’ असे याले लागले. माह्या आईनं एकदा विचारलं की हे काय असते, तिले समजावून सांगताना मले कळलं की ही बातमी ज्याची आहे त्यालेच ती वाचता येऊन नाही राह्यली.

मिरगाचा_पाऊस (आर्वी, वर्धा)

शिक्षिका म्हणून लिहिते. शब्दाने काय फरक पडतो असं कुणाला वाटत असेल तर परीक्षा फीचं बघा. दुष्काळ जाहीर झाला की विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी मिळते, शेतसाऱ्यात सूट, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, रोजगार हमीच्या निकषांत थोडी ढिलाई, गरजेप्रमाणे टँकर, पंपाची वीज न तोडणं. दहावीच्या पोराचा बाप मला विचारतो, मॅडम पेपरात तर आलं होतं दुष्काळ म्हणून, मग फी काऊन भरायची? त्याने जी बातमी वाचली तिच्यात ‘दुष्काळाचे सावट’ होतं. सावट म्हणजे अजून पडलेला नाही, हे त्याला कोण सांगणार. तेव्हा लोणारकडचे दादा म्हणतात तीही बाजू आहेच, शब्द सैल वापरला तरी माणूस फसतो.

नववीच्या मुलांना एकदा मी पेपरमधून ‘दुष्काळ’ शब्द असलेली वाक्यं शोधून आणायला सांगितली होती, तर बहुतेकांनी खेळाच्या पानावरची आणली. धावांचा दुष्काळ, गोलचा दुष्काळ, पदकांचा दुष्काळ संपला. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना कांस्य मिळालं आणि त्यानंतर वैयक्तिक पदक थेट १९९६ मध्ये लिअँडर पेसला, त्या ४४ वर्षांबद्दल आपण सहज ‘पदकांचा दुष्काळ’ म्हणतो आणि तो शब्द तिथे शोभतोही, माझी त्याला हरकत नाही. पण पहिल्या पानावर, जिथे खरोखर पाऊस नाही तिथे तो शब्द मंजुरीची वाट बघत थांबतो आणि खेळाच्या पानावर त्याला कुणी अडवत नाही, हे मला फार खटकतं. ज्यांच्या घरी ती वेळ आलेली आहे अशा मुलांना हा शब्द क्रिकेटमधून शिकायला मिळतो आहे.

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण पण अशीच झाली. दुष्काळाच्या वर्षी अधिक महिना आला तर घरातलं धान्य आणखी एक महिना पुरवायचं, त्या घोरातून आलेली म्हण आहे ती. आता पेट्रोल वाढलं की तेरावा महिना, ट्रेन उशिरा आली की तेरावा महिना.

अकोलेकर_पुण्यात

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. हवामान खात्याने २०१६ मध्ये ‘ड्रॉट’ हा शब्द स्वतःच्या वापरातून काढला आणि त्याजागी पावसाच्या तुटीचं वर्ष, मोठ्या तुटीचं वर्ष असं म्हणायला सुरुवात केली. त्यामागे विचार होता, पाऊस किती कमी पडला हे मोजणं त्यांचं काम आहे, दुष्काळ आहे की नाही हे राज्य सरकार ठरवतं. मला वाटतं बातमीतही तसंच असावं. प्रत्येक तालुक्याचा वार्ताहर आपल्या मनाने दुष्काळ लिहायला लागला तर ज्या गावात खरंच हाहाकार आहे आणि ज्या गावात थोडा पाऊस कमी पडलाय ती दोन्ही गावं एकाच पातळीवर येतील. मिरगाचा_पाऊस ताईंनी फीचं उदाहरण दिलं ते माझ्याच बाजूचं आहे. आणि मी शहरात बसून बोलतोय असं म्हणू नका, आमचं शेत खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात आहे, पाण्याची गोष्ट मला शिकवायची गरज नाही.

बेंबळाकाठ

अकोलेकर दादा, राग कशाचा. पण हवामान खात्यानं शब्द सोडला तो त्याईचं काम आकड्यांचं आहे म्हणून. पेपरचं काम आकड्यांचंच आहे का? तुम्ही म्हणता दोन गावं सारखी होतीन, पण आज ती यादीनं सारखी होऊनच राह्यली ना, फक्त उलट्या बाजूनं. यादीत नसलेलं प्रत्येक गाव सारखंच ठीक आहे असं बातमी वाचून वाटते.

एक दुसरा शब्द दाखवतो, मंग तुमच्या ध्यानात येईन मी काय म्हणून राह्यलो. आमच्या जिल्ह्यातल्या आत्महत्येच्या बातम्या काढा. कोणत्याही वर्षाच्या, कोणत्याही पेपरातल्या. ‘सततची नापिकी आणि कर्जबाजारीपणा’ हे शब्द जोडीनंच येतात. गाव बदलते, नाव बदलते, वाक्य तेच. हे वाक्य कुठून आलं ते मी शोधलं. २००६ च्या शासन निर्णयात एक लाखाची मदत कोणाले मिळणार त्याचे निकष आहेत, नापिकी, कर्ज फेडता न येणं अन् वसुलीचा तगादा. म्हणजे जिल्ह्याच्या समितीसमोर प्रकरण पात्र ठराव म्हणून जे शब्द लागतात तेच बातमीत आले. बातमीदारानं तसं लिहिलं त्यात त्या घराचं भलंच पाहिलं असन, हे मी मान्य करतो, अन् घरच्यांलेही तेच शब्द सांगा लागतात. पण वर्षानुवर्षं तेच वाक्य वाचून त्या माणसाचं काय झालं हे कोणालेच दिसत नाही. ‘नापिकी’ म्हटलं की वावरच पिकलं नाही, एवढंच. बियाणं बोगस निघालं होतं का, दुबार पेरणी लागली होती का, २०१७ सारखी बोंडअळी होती का, का पिकलं भरपूर अन् भाव पडला, हे सगळं त्या एका शब्दाखाली दबते. दुष्काळाचं वर्ष असलं तरी त्या बातमीत दुष्काळ येत नाही, नापिकीच येते, कारण निकषात दुष्काळ नाही.

अन् ह्याच बातम्यांत कास्तकार हा आपला शब्दही कुठं दिसत नाही. शेतकरी दिसते, सणावाराले बळीराजा दिसते. अख्खं वऱ्हाड बोलताना कास्तकार म्हणते.

धानपट्टा (साकोली, भंडारा)

आमच्या इकडची गोष्ट तुमच्या उलटी आहे जी. आमच्याकडं पाऊस हजार-बाराशे मिलिमीटरच्या पुढं जाते, मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव) भरलेले असतात, तरी धान हातचा जाते. कापणीच्या टायमाले पाणी आलं की कडपा (कापून ठेवलेला धान) बांधीतच भिजतात, लोंब्यांले कोंब फुटतात. याले लोकं ओला दुष्काळ म्हणतात, पेपरही म्हणतात, नेतेही ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ असं निवेदन देतात, अन् दरवर्षी त्या निवेदनाची बातमी येते. पण सरकारी संहितेत ओला दुष्काळ अशी गोष्टच नाही. तिकडं तो अतिवृष्टी आहे, मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तं पंचनामा. ६० पडला अन् चार दिवस लागून राह्यला तं त्या मापात बसत नाही, नुकसान मात्र जास्त. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला तेव्हाही मुख्यमंत्र्यांनी हेच सांगितलं, ओला दुष्काळ नियमात नाही पण दुष्काळाच्या सवलती देऊ. मी म्हणतो बराबर आहे, सवलती दिल्या तं दिल्या. पण इथं पेपरनं लोकांचा शब्द उचलला अन् वर्षानुवर्षं छापला म्हणूनच सरकारले त्यावर बोला लागलं. म्हणजे बेंबळाकाठ भाऊचं म्हणणं आमच्या इकडं थोडंफार खरं होऊन गेलं आहे.

कोर्टकचेरी (पुसद)

२०१५-१६ चं प्रकरण इथं कोणी मांडलं नाही म्हणून लिहितो, याच शब्दाचा खटला आहे तो. २०१५ च्या ऑक्टोबरात सरकारनं हजारो गावांत ‘दुष्काळसदृश’ जाहीर केलं. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, की ‘सदृश’ असा काही प्रकार नियमात नाही, दुष्काळ आहे की नाही ते सांगा. २०१६ च्या मे महिन्यात सरकारनं मान्य केलं की जिथं दुष्काळसदृश लिहिलं आहे तिथं दुष्काळ वाचावं. सुमारे २९ हजार गावं होती त्यात. म्हणजे खरीप गेलं, रब्बी गेलं, अख्खा उन्हाळा टँकरवर निघाला, आणि मग शब्द मिळाला. तरी २०१८ मध्ये आणि २०२३ मध्ये ‘सदृश’ परत आलाच.

त्याच महिन्यात, ११ मे २०१६ ला, सर्वोच्च न्यायालयाचा दुष्काळाबद्दलचा निकाल आला. बिहार, गुजरात, हरियाणा ही राज्यं दुष्काळ जाहीर करायला टाळत होती त्याबद्दल. २०१६ ची ती संहिता त्या निकालानंतर आली. त्या निकालाची सुरुवातच लोकमान्य टिळकांच्या वाक्यानं होते, साधनं कमी नाहीत, इच्छाशक्ती कमी आहे अशा अर्थाचं. हे मला महत्त्वाचं वाटते कारण १८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’नं नेमकं हेच केलं होतं. तेव्हा सरकारचा फॅमिन कोड होता, त्यात रयतेला काय काय मिळायला पाहिजे ते लिहिलेलं होतं, पण ते इंग्रजीत आणि दप्तरात. केसरीनं ते मराठीत लोकांपुढं मांडलं, पीक बुडालं असेल तर सारा तहकूब मागायचा तुमचा हक्क आहे हे सांगितलं. दुष्काळ या शब्दामागं कोणता हक्क आहे हेही बातमीतच होतं. अकोलेकर, तुमच्या अचूकतेच्या मुद्द्याला हे उत्तर आहे असं मला वाटते. शब्द लिहा आणि त्याच्यासोबत जाहीर झालं की नाही, झालं तर काय मिळते, तेही लिहा. दोन्ही लिहायला कोणी अडवलं आहे?

अकोलेकर_पुण्यात

हे मान्य. ‘दुष्काळ, पण अजून जाहीर नाही’ असं स्पष्ट लिहिलं तर माझी हरकत उरत नाही. माझा विरोध ‘सावट’ आणि ‘झळा’ला होता, त्यातून धड माहितीही मिळत नाही. एक विचारतो, बहात्तरच्या दुष्काळाला जसं नाव राहिलं तसं नंतरच्या कुठल्याच दुष्काळाला का नाही? आजी तेव्हा मिळालेल्या मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडीच्या (कामावर वाटलेला कोरडा खाऊ) गोष्टी सांगायची तेव्हा सन सांगायची गरजच पडायची नाही.

दप्तरवाला

बहात्तरला कामं निघाली होती म्हणून. रस्ता, तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं, अख्खं गाव एका जागी राबलं. रोजगार हमी तिथूनच उभी राहिली, पुढं १९७७ चा कायदा झाला. आता मदत खात्यात येते, ज्याच्या त्याच्या, वेगवेगळ्या दिवशी, अन् यादीही मंडळनिहाय. सगळ्यांनी मिळून भोगलं असं काही राहत नाही, मग नाव कुठून पडणार. माझा अंदाज आहे हा.

लोणारकडचा

कोर्टकचेरी साहेबांचं वाचून मी ह्या आठवड्यात एक करून पाहिलं. बातमीच्या पहिल्या ओळीत गावाचं नाव, शेवटचा पाऊस कधी झाला, सोयाबीन एकरी किती झालं, ते कास्तकाराच्या तोंडून. दुसऱ्या ओळीत ‘गावकरी याला दुष्काळ म्हणत आहेत, शासनाने तालुक्यात अद्याप दुष्काळ जाहीर केलेला नाही’. तिसऱ्या ओळीत नजर अंदाज पैसेवारी अन् अंतिम कधी येणार ती तारीख. डेस्कनं हेडिंगमधून दुष्काळ काढला, पण आतली ओळ जशीच्या तशी राहिली. कास्तकार हा शब्दही राहिला.

मिरगाचा_पाऊस

दादा, तिसऱ्या ओळीत परीक्षा फीचं पण टाकत जा, जाहीर झाल्यावर कुणाला मागायची ते. शाळेत त्याच बातमीचं कात्रण नोटीस बोर्डावर लावता येईल.

बेंबळाकाठ

ताई बरोबर बोलल्या. लोणार भाऊ, ती बातमी इथं टाइप करून टाकता आली तं टाका, पेपरचं नाव नका टाकू. बाकीच्यांले विनंती, ३१ डिसेंबरले अंतिम पैसेवारी लागते, आपापल्या गावचा आकडा तलाठ्याकडून घ्या अन् सप्टेंबरचा जो होता तोही सोबत लिहा, कोणत्या पानावर छापून आला तेही लिहा. धानपट्टा भाऊ, तुमच्याकडचं ६५ मिलिमीटरचं वेगळा धागा काढून लिहा, ते इथं दबून जाईन.